चालक पसार

"पण मॅडम, हे सांगितलं कोणी?"

काकांनी हात वर केला नव्हता, ते सरळ उभेच राहिले होते. मॅडमनी खडू फळ्याच्या कडेला ठेवला आणि बोटांना लागलेली पूड झटकली. फळ्यावर त्यांनी एका आगीचे तपशील लिहून दिले होते. लाकडाची वखार, पहाटेची वेळ, एक पहारेकरी भाजलेला, कारण विजेच्या तारांतला बिघाड. यावरून साठ शब्दांत बातमी करायची होती. बाकीच्यांची लिहूनही झाली होती. दोघी जणी बाकाखाली मोबाइल बघत बसल्या होत्या.

"काका, हा सराव आहे. आग लागलेलीच नाही. वखारसुद्धा मीच मनाने उभी केलीय."

"ते समजलं. पण बिघाडामुळे आग लागली असं माझ्या हाताने लिहायचं, तर तो बिघाड पाहिला कोणी? अग्निशमनवाल्यांनी, का वखारवाल्याने? वखारवाला तर बिघाडच म्हणणार."

मागून कोणीतरी खुसखुसलं. मॅडम म्हणाल्या, अग्निशमनवाल्यांनी. मग तसं घालतो म्हणून काका बसले, आणि तास संपल्यावर त्यांनी जे हातात दिलं ते चांगलं तीन पानं होतं. पहारेकऱ्याची पाळी कधी सुरू झाली, वारा कुठून वाहत होता, वखारीपासून पाण्याचा नळ किती लांब, सगळं त्यात होतं. आग दुसऱ्या पानाच्या मध्यावर लागत होती.

मॅडमनी शिक्षकांच्या खोलीत बसून ते वाचलं आणि कपाळाला हात लावला.

पत्रकारितेच्या पदव्युत्तर वर्गात काका आले तेव्हा विभागप्रमुखांना त्यांचं फार कौतुक वाटलं होतं. निवृत्त बसचालक. सगळा जन्म लांब पल्ल्याच्या गाड्या चालवण्यात गेला, आणि मुक्कामाच्या गावी, चालकांच्या विश्रांतीच्या खोलीत, बाकीचे घोरत असताना अभ्यास करून यांनी बाहेरून पदवी घेतली. प्रवेश परीक्षेतही बरे गुण पडले. माहितीपत्रकात यांचा फोटो टाकू या, असं विभागप्रमुख म्हणाले होते. पण विभागप्रमुख आठवड्यातून एकच तास घेत. उरलेले काका मॅडमच्या वाट्याला आले.

ते वाईट विद्यार्थी आहेत असं म्हणता आलं असतं तर सोपं होतं. ते कधी गैरहजर नसत. तासाच्या आधी येऊन पहिल्या बाकावर रुमाल फिरवून बसत. दिलेलं सगळं वाचून येत. पण 'शहरात खळबळ' असा मथळा फळ्यावर दिसला की, खळबळ नक्की कोणाच्या घरी झाली, असं विचारत. 'सूत्रांनी सांगितले' हे त्यांना एखाद्या शिवीसारखं लागे. उपरोधाने बोलावं तर उपरोध त्यांना पोचत नसे, रागावावं तर ते वयाने वडिलांएवढे. बातमी लहान करा, लहान करा, असं मॅडमनी इतक्यांदा सांगितलं होतं की त्यांना झोपेतही ते शब्द ऐकू यायचे. काका मान डोलावत आणि पुढच्या वेळी साडेतीन पानं आणत.

मॅडमनी स्वतः बरीच वर्षं वर्तमानपत्रात काढली होती. तिथल्या वेळा झेपेनात, आई अंथरुणाला खिळलेली, म्हणून त्या शिकवायला आल्या. नोकरी दरवर्षी नव्याने मिळायची. दरवर्षी विभागप्रमुखांनी बरं लिहिलं तरच. त्यामुळे वर्गात काही गडबड होऊ न देता वर्ष पार पाडणं, एवढंच त्यांनी मनाशी ठरवलेलं होतं. आणि गडबड तर पहिल्या बाकावरच बसलेली होती.

दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला एका दुपारी काकू आल्या. व्हरांड्यातल्या बाकावर मांडीवर पिशवी घेऊन बसल्या होत्या. मॅडम दिसल्यावर उठल्या आणि आधी आपण कोण ते सांगितलं. मग म्हणाल्या, की ह्यांना काय ते एकदाचं पास करून टाका, नाहीतर जमत नाही म्हणून घरी पाठवा. दोन्हींतलं काहीही चालेल. घरात उसंत नाही. शेजारची सून माहेरी गेली म्हटलं की, तुला कोणी सांगितलं. दुधवाला उद्या येणार नाही म्हटलं की, तो स्वतः म्हणाला का. परवा पोट दुखतंय म्हटलं तर नक्की कुठे आणि केव्हापासून, हे विचारून वर शेजारणीला जाऊन विचारलं, की हिने तुमच्याकडे काही खाल्लं का.

मॅडमना हसू आलं. कोणीतरी आपल्याइतकंच वैतागलेलं आहे, याचं बरंही वाटलं. त्यांनी काकूंना खोलीत नेऊन चहा दिला आणि सहज विचारलं, की या वयात हे शिक्षण काकांनी डोक्यात घेतलंच का.

काकूंनी कप खाली ठेवला. "तुम्हाला सांगितलं नाही त्यांनी? मला वाटलं, वर्गभर सांगून झालं असेल."

मग त्यांनी सांगितलं. वीसेक वर्षं झाली असतील. एका वळणावर एक सायकलवाला काकांच्या बसखाली आला. चूक त्याची होती, पुढे चौकशीतही तसंच ठरलं. पण त्या वेळी कोणाची चूक हे बघायला कोण थांबलं होतं? काकांनी मागून येणारा भाजीचा टेम्पो अडवला, जखमीला उचलून आत टाकलं, त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि रुग्णालय गाठलं. वाहक बसपाशी थांबला, पण घाबरून गर्दीत मिसळून गेला. पोलीस आले तर चालकाच्या जागेवर कोणी नाही. दुसऱ्या दिवशी पेपरात चार ओळी आल्या. सायकलस्वार गंभीर, चालक पसार. आणि शेजारी काकांचं नाव.

"सायकलवाला तिसऱ्या दिवशी गेला," काकू म्हणाल्या. "हे तोवर तिथेच होते, त्याच्या बायकोजवळ. पण आमचे सासरे गावी. त्यांना वाचता येत नव्हतं, कोणीतरी वाचून दाखवलं. हे घरी गेले तर त्यांनी एवढंच विचारलं, पळालास का रे. ह्यांनी सगळं सांगितलं. ते म्हणाले, मग छापलं कसं? त्यापुढे कधी विषय काढला नाही त्यांनी. मरेपर्यंत नाही काढला. ह्यांना तेच लागून राहिलंय. खोटं बोलतोस म्हणाले असते तर भांडून मोकळे झाले असते."

काकू गेल्यावर मॅडमनी कप विसळून ठेवले. आता सगळं समजलं होतं, पण समजल्याने तीन पानं काही कमी होणार नव्हती. पुढच्या तासाला काकांनी पुन्हा हात वर न करता उभं राहून विचारलं, तेव्हा मॅडमना वाईट वाटलं, आणि त्याच क्षणी तळपायाची आग मस्तकातही गेली. दोन्ही एकदम होतं हे त्यांना नवीन होतं.

दुसऱ्या वर्षी प्रत्येकाला दोन महिने एखाद्या वर्तमानपत्रात काम करावं लागे. ते केल्याचं प्रमाणपत्र नसेल तर पदवी नाही. शहरातलं एकच पत्र विभागाची मुलं घेत असे, तेही मॅडमच्या जुन्या ओळखीवर. तिथले वृत्तसंपादक एके काळचे त्यांचे साहेब. काकांना पाठवण्याआधी मॅडमनी त्यांना समोर बसवून हात जोडायचेच बाकी ठेवले. तिथे प्रश्न विचारायचे नाहीत. सांगतील ते, सांगतील तेवढ्या शब्दांत, सांगतील त्या वेळेत. काका म्हणाले, "मॅडम, वेळेचं मला शिकवू नका. आयुष्यभर वेळापत्रकावर चाललोय."

पहिले काही आठवडे खरोखर काही घडलं नाही. काकांना बाजारभाव, हवामान आणि पाणी कधी येणार नाही याच्या सूचना लिहायला मिळत. त्यात कोणी सांगितलं हा प्रश्नच नव्हता. मॅडम निर्धास्त झाल्या. विभागप्रमुखांनी फोटोचा विषय पुन्हा काढला.

मग एका रात्री मॅडम आईला औषध देत असताना फोन वाजला.

"तुमच्या काकांना घेऊन जा," वृत्तसंपादक म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. त्यांचा आवाज खाली गेला की समजून जावं, हे मॅडमना जुनं माहीत होतं.

शेजारणीला आईपाशी बसवून त्या धावतपळत पोचल्या, तोवर सगळं घडून गेलं होतं. बाजाराजवळ एका मालवाहू गाडीने रस्ता ओलांडणाऱ्या बाईला उडवलं होतं. पोलीस चौकीतून फोन आला, तो नेमका काकांनी घेतला. महिला जखमी, चालक पसार, असं पलीकडून सांगण्यात आलं. चार ओळींचं काम. पानावर तेवढी जागा सोडून बाकी सगळं पान लागलेलं. काकांनी पोलिसाला विचारलं, पळताना पाहिलं कोणी? त्याने फोन ठेवला. मग काकांनी रुग्णालयात फोन केला. तिथे कोणी उचलेना. पुन्हा केला. पान लावणारी मुलगी मजकूर मागत होती, काका म्हणत होते, आलाच. वृत्तसंपादक वरच्या मजल्यावर बैठकीत. रुग्णालयातून कळलं, की बाईला फळवाल्यांनी आणलं, चालक कोणी आलेला नाही. तेवढ्यानेही काकांचं भागेना. त्यांनी गाडीच्या मालकाचा नंबर मिळवला. मालक म्हणाला, हो, पळालाय खरा. मलाच फोन करून सांगितलं त्याने, आता मी काय करू.

मग काकांनी चार ओळी लिहिल्या. महिला जखमी, चालक पसार.

पान उशिरा सुटलं. लांबच्या गावांना पेपर नेणारी गाडी निघून गेली होती. त्या गावांना पेपर दुसऱ्या दिवशी दुपारी मिळणार होता, आणि दुपारचा पेपर कोणी विकत घेत नाही.

वर्तमानपत्राचं सगळं कार्यालय आता त्यावर हसत होतं. पळाला का, पळाला का, आणि शेवटी पळालाच, असं कोणीतरी नक्कल करून म्हणत होतं. काका कोपऱ्यातल्या खुर्चीत दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते. मॅडमनी त्यांना जिन्यात नेलं आणि इतक्या दिवसांचं साठलेलं सगळं बाहेर काढलं. तुम्हाला काय सांगितलं होतं मी. तुमच्यामुळे उद्या बाकीच्या मुलांना दारात उभं करणार नाहीत हे लोक. माझी नोकरी जाईल ते वेगळंच. आणि झालं काय शेवटी, पळालाच होता ना तो?

"पळालाच होता," काका म्हणाले. "म्हणून तर पळाला असं लिहिलं. नसता पळाला तर तसं लिहिलं असतं."

"एका शब्दाचा तरी फरक पडला का?"

काकांनी विचार केला. खरंच विचार केला, हे मॅडमना अधिक असह्य झालं.

"नाही पडला," ते म्हणाले. "पण ते विचारल्यावर कळलं, की नाही पडला."

मॅडमनी जिन्याचा कठडा घट्ट धरला.

नंतरचे काही दिवस त्यांच्या फेऱ्यांत गेले. विभागप्रमुख फोटोचं विसरून गेले आणि, हा माणूस वर्गात घेतलाच कोणी, असं विचारू लागले. वृत्तसंपादकांनी स्पष्ट सांगितलं होतं, की तुमच्या विभागाची मुलं यापुढे नकोत. मॅडमनी जुन्या दिवसांची आठवण काढली, विनवण्या केल्या, शेवटी वृत्तसंपादकांनी तडजोड मान्य केली. काकांनी समोर येऊन माफी मागायची. मग प्रमाणपत्रावर सही होईल आणि मुलंही घेतली जातील. मॅडमना वाटलं, काका इथेच अडून बसणार. पण त्यांनी लगेच होकार दिला. लांबच्या गावांची गाडी चुकवणं ही चूकच होती, असं ते आपणहून म्हणाले. माझ्यासमोर कोणा चालकाने बस उशिरा काढली असती तर मी त्याला सोडला नसता.

माफी मागायची त्या सकाळी ते इस्त्रीचा शर्ट घालून आले. थोडे उशिरा आले, घामाघूम होऊन, आणि काका उशिरा आलेले मॅडम पहिल्यांदाच पाहत होत्या. पण विचारायला वेळ नव्हता. दोघं वर गेले. वृत्तसंपादकांच्या टेबलावर प्रमाणपत्र तयार होतं, शिक्कासुद्धा मारलेला होता, फक्त सहीची जागा रिकामी होती.

काका खुर्चीवर बसले नाहीत. उभं राहून म्हणाले, "साहेब, माझ्यामुळे पान उशिरा गेलं. गाडी चुकली, नुकसान झालं. चूक माझी आहे, मी माफी मागतो." असं ते इतकं स्वच्छ बोलले की वृत्तसंपादकच थोडे अवघडले. त्यांनी पेन काढलं, टोपण उघडलं, आणि कागदावर वाकता वाकता, बोलायचं म्हणून बोलले, "ठीक आहे. पुन्हा असं होणार नाही म्हणा, संपला विषय."

"उशीर होणार नाही," काका म्हणाले.

पेन थांबलं. "आणि फोन?"

मॅडमनी काकांच्या कोपराला हळूच हात लावला. त्यांनी तो जाणवल्यासारखं मॅडमकडे पाहिलं, माफी मागितल्यासारखं पाहिलं, आणि मग टेबलाकडे वळून म्हणाले, "फोन करीन साहेब. लवकर करीन."

वृत्तसंपादकांनी पेनाला टोपण लावलं. मॅडमकडे बघून म्हणाले, की बाकीची मुलं पाठवा, माझी हरकत नाही. यांचं मात्र माझ्याकडून व्हायचं नाही. मी उद्या दुसऱ्या कोणाला कोणत्या तोंडाने सांगू?

जिना उतरताना मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते रागाचं आहे असं त्या स्वतःला सांगत होत्या. दोन वर्षं. सगळे पेपर पास. गुणपत्रिकेत एक रकाना रिकामा राहणार आणि त्या एका रकान्यापायी पदवी नाही. एवढं एक वाक्य गिळायला काय झालं होतं? साधं हो म्हणायचं होतं, मग बाहेर जाऊन हवे तेवढे फोन करायचे होते. जग असंच चालतं काका, मी असंच चालवते, सगळे असंच चालवतात.

काका निमूट ऐकत उतरत होते. खाली आल्यावर त्यांनी विचारलं, "मुलांचं झालं ना पण?"

"झालं," मॅडम म्हणाल्या.

"मग बरं झालं." त्यांनी रुमालाने मान पुसली. मग म्हणाले, "मॅडम, तो हजर झाला आज."

"कोण?"

"गाडीवाला. सकाळी चौकीवर गेलो होतो, म्हणून उशीर झाला. बाकावर बसला होता. पोरगाच आहे. आपल्या पायाने आलाय, कोणी धरून नाही आणलं. मी त्याच्याजवळ बसलो. का पळालास विचारलं. म्हणाला, लोकांनी ठेचलं असतं. परत का आलास, तर म्हणाला, झोप येईना. पोलिसांनाही विचारलं, ते म्हणाले, हो, आपणहून आला. त्या बाईंच्या मुलाला भेटलो. तो म्हणाला, आई शुद्धीवर आहे." काकांनी रुमाल खिशात ठेवला. "याची बातमी होते का, मॅडम?"

मॅडमना आता नाही म्हणायचं होतं. घरी जायचं होतं. आईची अंघोळ व्हायची होती. पण त्यांनी पर्स उघडून कागद काढला, इमारतीच्या पायरीवर बसल्या आणि काकांना पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. कोण, कुठे, किती वाजता, तुम्ही स्वतः पाहिलं का, त्याच्या तोंडचे शब्द हेच होते का. काका नेमकं नेमकं सांगत गेले. कागदावर पाच ओळी झाल्या. कितीतरी वर्षांनी मॅडमनी बातमी लिहिली होती. कागद घेऊन त्या एकट्याच पुन्हा जिना चढल्या.

वृत्तसंपादकांनी ती उभ्या उभ्या वाचली. चांगली आहे म्हणाले. पण आज जाहिराती फार आहेत, जागा नाही. आणि खरं सांगायचं तर हजर झाला यात बातमी काय आहे?

"पसार झाला यात होती ना?" मॅडमच्या तोंडून निघून गेलं.

त्यांनी मॅडमकडे जरा निरखून पाहिलं, जणू त्या काकांच्या नातेवाईक असाव्यात. "उद्या बघू," ते म्हणाले, आणि कागद टेबलावरच्या इतर कागदांवर ठेवला. उद्या म्हणजे काय, ते मॅडमना ठाऊक होतं. त्या कितीतरी वेळा त्या टेबलाच्या पलीकडून हेच म्हणाल्या होत्या.

काका समोरच्या थांब्यावर उभे होते. रस्ता ओलांडून मॅडम त्यांच्यापाशी गेल्या आणि काय झालं ते सांगितलं. काकांना फारसं आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. त्यांनी मान हलवली, आणि बस येताना दिसली तशी रांगेत पुढे सरकत म्हणाले, की तो पोरगा कुठे राहतो ते त्यांनी विचारून ठेवलं आहे. शेवटच्या थांब्यापासून थोडं चालावं लागतं.

"आता तिथे कशाला?" मॅडमनी विचारलं. त्यांच्या आवाजात पुन्हा तोच जुना वैताग आला होता, आणि त्यांना तो लपवावासा वाटला नाही.

"त्याच्या घरच्यांना अजून पसारच माहीत आहे," काका म्हणाले. "पेपरात तेच वाचलंय त्यांनी. छापून येईल तेव्हा येईल. तोवर जाऊन सांगून येतो."

मॅडमना बाजूला व्हायची खूण करून ते चढले. बस निघाली. आत बसायला भरपूर जागा होती, पण काका पुढे गेले आणि चालकाच्या मागे, दांडा धरून, समोरच्या रस्त्याकडे बघत उभे राहिले.